पाण्यातून काढलेली लोकर

माझी मान आता डावीकडे वळत नाही. म्हणजे वळते, पण आधी खांद्याला विचारावं लागतं. इतकी वर्षं शिवणयंत्रापुढे वाकून बसलं की मान आपलं ऐकेनाशी होते. डोळ्यांचंही तेच. सुईत दोरा ओवायला मी आता नातीला हाक मारते आणि ती हातातला मोबाइल खाली न ठेवता दोरा ओवून देते. तिची ती कला मला कधी जमली नसती.

याच नातीनं परवा मला एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा परदेशी बाईनं घरच्या घरी जुन्या पद्धतीचा लोकरीचा स्कर्ट शिवलाय. बाई हसतेय, मागे गाणं वाजतंय, कात्री सुर्रकन चालतेय आणि आपला चहा होईपर्यंत स्कर्ट तयार! "आजी, याला विंटेज म्हणतात," नात म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, असला एक स्कर्ट मी शिवलाय, आणि शिवताना हसल्याचं मला काही आठवत नाही.

दिवाळी अंकाची मुलगी आली आणि "काकू, तुमच्या धंद्यातले रंगतदार अनुभव लिहा" म्हणाली, तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. ब्लाउज शिवण्यात कसला आलाय रंग? तीच काखेची गोलाई, तेच हूक, तेच "काकू, उद्या लग्न आहे, आज द्याच." पण त्या व्हिडिओमुळे रोझीबाय डोळ्यांपुढे उभी राहिली, डोक्यावरच्या टोपलीसकट. तेव्हा तिच्यापुरतं लिहिते. बाकीच्या सगळ्या ब्लाउजांना माझा लांबूनच नमस्कार.

आम्ही गिरगावातली खोली सोडून भाईंदर पूर्वेला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. वन रूम किचन, पण स्वतःचं. आमचे हे सकाळी ऑफिसला जात ते दिवेलागण उलटून गेल्यावर उगवत. पाणी टँकरचं आणि वीज लहरीची, पण माझं मशीन पायाचं, त्यामुळे विजेचा रुसवा मला बाधत नसे. बाधायची ती हवा. मिठागरांवरून येणारी हवा इतकी खारट की डबीतल्या सुया गंजायच्या. मी त्या खोबरेल तेल लावलेल्या चिंधीत खुपसून ठेवायचे. ब्लाउज, परकर, फ्रॉक, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, येईल ते काम मी घेत असे आणि पाठ दुखेपर्यंत मशीनवरून उठत नसे.

बाहेरच्या माणसाला या कामातला एक शब्द समजावून सांगायला हवा. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. माणूस अंगानं सुटतं, मुलं वाढतात, बायकांची बाळंतपणं होतात. मग शिवण उसवायची, आतली माया बाहेर काढायची आणि तोच कपडा पुन्हा अंगाला येतो. स्टेशनजवळचे मास्टर लोक माया ठेवत नसत. आत कापड राहिलं की फिटिंगला फुगवटा येतो, म्हणून ते कात्रीनं उडवून टाकत. फिटिंग सुरेख, पण वर्षभरात ब्लाउजचं पोतेरं. माझ्याकडे बायका यायच्या त्या फिटिंगसाठी नाही, मायेसाठी. हे वाक्य कुणी भाषणात वापरू नका, मी कापडाबद्दल बोलतेय.

दुसरी गोष्ट म्हणजे टेप. शिंपिणीच्या टेपेला सगळ्या बातम्या आधी कळतात. समोरच्या दाराच्या हंसाबेन दर दिवाळीला सांगायच्या, "कुंदाबेन, टाइट बनाना, पण टाइट दिखना नहीं चाहिए." गेल्या दिवाळीपासून त्यांनी किती फरसाण खाल्लं ते मला त्यांच्या यजमानांच्या आधी कळायचं. वरच्या मजल्यावरची एक नवी सून सासूबरोबर मापाला आली होती. कमरेला टेप लावली आणि मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. सासू विचारतेय, "काय हो, जाडी झाली का आमची सूनबाई?" आणि पोरीचे डोळे सांगताहेत, काकू, अजून कुणाला माहीत नाही. मी चार टाचण्या उचलून ओठांत धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की शिंपिणीला कुणी उत्तर मागत नाही. आमच्या शिवणक्लासच्या बाई म्हणायच्या, टेपेनं सांगितलेलं टेपेतच राहू द्यायचं. मी ते आयुष्यभर पाळलं.

आता रोझीबाय. ती उत्तनची. भाईंदरच्या पश्चिमेला समुद्रकाठी असलेल्या या गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातली. तरुणपणी मुंबईत एका पारशी घरी मुलं सांभाळायला होती. नवरा वारल्यावर गावी परतली आणि सुकी मासळी विकायला लागली. बसनं भाईंदरला उतरायचं, पूल ओलांडून पूर्वेला यायचं आणि बोंबील, जवळा, सुकट घेऊन गल्ल्या पालथ्या घालायच्या. आमच्या मजल्यावर ती माझ्याकडेच येई, हंसाबेनच्या दारावरून पुढे जाताना टोपलीवरचं फडकं घट्ट करी आणि "जैनाचं घर हाय, देवा माफ कर" असं पुटपुटे. आधी मी तिची गिऱ्हाईक झाले, मग ती माझी. तिचे चोळीसारखे लांब बाह्यांचे ब्लाउज मी शिवायचे. दर वेळी एकच मागणं, "माया ठेव गो टेलरबाय, कंजूषपना करू नको."

एकदा ती टोपलीबरोबर एक बोचकं घेऊन आली. पलंगावर बसली, गाठ सोडली. आत कडुनिंबाचा सुकलेला पाला, डांबराच्या गोळ्या आणि त्यांच्या खाली घडी केलेलं कापड. राखाडी, त्यात निळसर झाक, हाताला गरम आणि मऊ. मी बोटं फिरवतच राहिले. आमच्याकडे लोकर म्हणजे कानटोपी आणि तान्ह्याचे मोजे. असं अंगभर लोकरीचं कापड मी आधी हातात घेतलं नव्हतं.

"माझ्या शेठानीनं दिलं," रोझीबाय म्हणाली. "मी काम सोडलं तवा. म्हनाली, रोझी, तुला काय देऊ? मी म्हटलं, तुमच्यासारखा स्कर्ट. ती हसली नि हे कापड दिलं. मी कवा घालनार? लुगडं नेसनारी बाय मी. ठेवून दिलं."

"आणि आता?"

"आता लविनाला." लविना तिची धाकटी, नर्स झालेली. "पोरीला परदेशी नोकरी लागली. थंडीचा मुलूख हाय. तिला शिव. शेठानी घालायची तस्साच." आणि तिनं उभं राहून दोन्ही हातांनी तो स्कर्ट हवेत काढून दाखवला. कंबर उंच आणि घट्ट, नितंबावरून सरळ, आणि गुडघ्याच्या खाली मोठा झोकदार घेर. बाजूला हूक. इतक्या वर्षांमागचा स्कर्ट तिच्या हातांना पाठ होता.

मी म्हटलं, कापड ठेवून जा आणि लविनाला मापाला पाठव. पण कापड ठेवायला तिचा जीव होईना. आधी बहिणीला दाखवते, म्हणाली, आणि बोचकं पुन्हा बांधून घेऊन गेली.

पुढच्या फेरीला ती लविनाला घेऊन आली. उंच, हसरी पोरगी, मुंबईच्या हॉस्टेलात राहून बोलणं शहरी झालेलं. मी बोचकं सोडलं. कापड आखडून घोंगडीसारखं दाट झालं होतं. कडा वर वळल्या होत्या. आणि वास! सगळ्या घरभर बोंबलाचा वास सुटला.

"हे काय केलंस रोझीबाय?"

"पान्यातून काढलं," ती अभिमानानं म्हणाली. "चांगल्या कढत पान्यातून. साबू लावून चोळलं, नि वाळवलं कडक उन्हात."

"कुठे वाळवलंस?"

"बांबूंवर. बोंबील उतरवले होते ना, जागा मोकळी होती."

मी कपाळाला हात लावला. "अगं, पण कुणी सांगितलं तुला पाण्यातून काढायला?"

"म्हंजे? तूच सांगतेस ना दर खेपेला. अस्तर पान्यातून काढून आन, मग आटत न्हाय."

ती खरं बोलत होती. ब्लाउजचं अस्तर आधी भिजवून वाळवून घ्यायचं, म्हणजे ते आटायचं ते आधीच आटतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. सगळ्या शिंपिणी हेच सांगतात. पण ते सुती कापडाचं शास्त्र. लोकर कढत पाण्यात घालून चोळली की गोळा होते आणि पुन्हा कधी सुटत नाही. मी हे शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. रोझीबायनं ते ऐकलं, कापड हातात घेतलं, दोन्ही टोकांना धरून ताणून पाहिलं आणि ती खाली फरशीवर बसली. आयुष्यभर जपलेली एकच भारी गोष्ट तिनं जपण्याच्याच नादात खराब केली होती. ती रडली नाही, पण ती जशी बसली होती ते पाहून मला रडू आलं.

लविना तिच्याजवळ बसली. "मम्मी, सोड ना. मी तिकडे घेईन स्वेटर-बिटर. सगळं मिळतं तिकडे."

"तिकडचा नको," रोझीबाय म्हणाली. "हाच नेशील."

मी लविनाचं माप घेतलं. पोरगी भरल्या अंगाची होती, बघून बरं वाटावं अशी. कापड मापून पाहिलं. शेठाणीच्या पद्धतीनं पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे तुकडे कापायचे, तर आता कापड पुरतच नव्हतं. एवढ्यात फरशीवरून आवाज आला, "टेलरबाय, चार बोटं माया ठेव हां. पोर तिकडं लोनी खाईल, चीज खाईल. जाडी होऊन येईल."

"मम्मी! मी काय फुगायला चाललेय?"

"रोझीबाय," मी म्हटलं, "कापडच नाही तर माया कुठून आणू?"

"ते मना म्हाईत न्हाय. माया ठेव."

दोन दिवस ते कापड माझ्या कपाटात पडून होतं आणि कपाटातल्या सगळ्या बायकांच्या साड्या बोंबील ल्यायला लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी कुणाचा तरी परकर कापायला घेतला आणि कात्री हातात असतानाच मला सुचलं. परकर आपण कळ्यांचा शिवतो. कळी म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असा लांब तुकडा. एक कळी सुलटी आणि तिच्याशेजारी एक उलटी मांडली की कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही. शेठाणीचा स्कर्ट दोन तुकड्यांचा असेल तर असो, माझा सहा कळ्यांचा होईल. मी जुन्या वर्तमानपत्राच्या कळ्या कापून त्या लोकरीवर मांडल्या. बसल्या. वर थोडं कापड उरलंसुद्धा.

आणि मायेचंही कोडं सुटलं. दोन शिवणींमध्ये चार बोटं माया सोडायला कापड नव्हतं. पण आता शिवणी सहा झाल्या होत्या. प्रत्येक शिवणीत थोडी थोडी सोडली की बेरीज रोझीबाय मागत होती तेवढी होत होती. परकर शिवून शिवून कंटाळलेली मी, त्या दिवशी मला परकराचा अभिमान वाटला. असा अभिमान या धंद्यात क्वचित वाटतो.

लोकर शिवायची तर शिवणी वाफेवर दाबून बसवाव्या लागतात. ओलं फडकं घालून वर कडकडीत इस्त्री ठेवली आणि वाफेबरोबर बोंबील असे उठले की मी जिन्यातली खिडकी उघडली. हंसाबेन नाकाला पदर लावून दारात आल्या.

"कुंदाबेन, ये क्या पका रही हो?"

"स्कर्ट है, हंसाबेन."

"स्कर्ट?" त्यांनी आत डोकावून पाहिलं. इस्त्रीच्या टेबलावर खरंच स्कर्ट होता. "अरे भगवान," म्हणत त्यांनी आपलं दार लावून घेतलं आणि पुढे दोन दिवस माझ्याकडे बघितलं की त्यांना हसू यायचं.

एक खोट राहिली, ती मला आजही दिसते. उलट्या मांडलेल्या कळ्यांची लव, म्हणजे लोकरीचे वरचे बारीक तंतू, उलटी पडली. ट्यूबलाइटखाली एक कळी फिकी, एक गडद, एक फिकी, एक गडद असं दिसायचं. ज्याला ठाऊक नाही त्याला फॅशन वाटली असती, पण मला ठाऊक होतं. लविनानं तो माझ्या कपाटाच्या आरशापुढे घातला. पंखा फुल्ल, तरी पोरगी घामानं निथळत होती. तिनं एक गिरकी घेतली आणि घेर सुटला. रोझीबाय बघत राहिली. मग म्हणाली, "शेठानीचा असा फिरत नव्हता." हे बरं म्हणाली की वाईट, मी विचारलं नाही. मग तिनं तो लविनाच्या अंगावरून उतरवून उलटा केला, सहाही शिवणींवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. माया जागेवर होती.

लविना गेली. दोनेक वर्षं रोझीबायकडून खबर कळत राहिली. पोर पैसे पाठवते, उत्तनच्या घरावर दुसरा मजला चढतोय, फोटो आला, फोटोत तोच स्कर्ट. इकडे माझ्या दुकानदारीला उतरती कळा लागली होती. मिरा रोडला नवे नवे टॉवर उठत होते आणि तिथल्या पोरी तयार ड्रेस घेत होत्या. माझ्याकडे यायचं ते तयार कपड्याची लांबी कमी करायला. दुसऱ्याच्या शिवणी उसवायच्या आणि त्यांच्या चुका निस्तरायच्या. मी थकत चालले होते, आणि ते थकणं कामानं नव्हतं.

अशाच एका दुपारी लविना आली. एकटीच. दोन महिन्यांच्या सुट्टीवर आली होती. उकाड्यात अंगात ढगळ लांब बाह्यांचा सदरा. "आंटी, ओळखलंत?" मी ओळखलं ते हसण्यावरून. तिनं पिशवीतून स्कर्ट काढला. "जरा कमरेत कमी करायचाय."

"सैल करायचाय ना?"

"नाही, कमी."

मी टेप तिच्या कमरेभोवती फिरवली. पहिल्या खेपेला टेपेचं जेवढं टोक माझ्या हातात उरलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त उरलं. सदऱ्याखाली तिची हाडं माझ्या बोटांना लागली. मी टेप सोडली नाही, तशीच धरून उभी राहिले.

"लविना, जेवतेस का गं?"

ती आधी हसली. मग पलंगावर बसली. हॉस्पिटलची ड्यूटी संपली की ती म्हाताऱ्यांच्या एका घरात दुसरी ड्यूटी करत होती. खोलीवर परतली की एकटी. "एकटीसाठी काय शिजवायचं, आंटी? आधी कंटाळा यायचा. मग सवय झाली. मग भूकच लागेना झाली. तिकडे कुणी विचारत नाही ना, जेवलीस का म्हणून." तिनं सदऱ्याची बाही खाली ओढून घेतली. "एकदा बसमध्ये स्कर्ट भिजला. बाहेर पाऊस होता, तिकडचा घाणेरडा, थंड पाऊस. आणि स्कर्टाला मम्मीच्या बोंबलांचा वास यायला लागला. शेजारची बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली. मी रडत बसले, स्टॉप गेला तरी."

"मग परत का जातेस?"

"वरचा मजला अर्धा झालाय. स्लॅब बाकी आहे. मम्मी सगळ्या गावाला सांगते, माझ्या पोरीनं बांधलं." मग तिनं माझा हात धरला. "मम्मीला सांगू नका हां, आंटी. तिला मी सांगितलंय तिकडे सगळ्या बारीकच असतात, फॅशन आहे."

मी हो म्हटलं. टेपेनं सांगितलेलं टेपेतच राहू द्यायचं. पण त्या दिवशी मला त्या नियमाचा संताप आला. सहाही शिवणी मी थोड्या थोड्या आत घेतल्या. माझ्या हातांना सगळं आयुष्य सवय होती बाहेर काढायची. आत घेताना वाटलं, आपण त्या पोरीला अजून लहान करतोय. आत गेलेलं कापड मात्र मी कापलं नाही. कात्री उचलली, पण हात चालला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात टोपली टेकली. रोझीबाय आनंदात होती. "लविना म्हनाली, स्कर्ट तुझ्याकडं दिलाय. मीच न्हेते. उसवलीस ना माया? मी म्हनालेच होते, पोर जाडी होनार!"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. नव्हत्या, खरं सांगायचं तर मी त्या तेव्हा घातल्या.

तिनं खुंटीवरचा स्कर्ट काढला. मासळीवाली बाई ती. आयुष्यभर माशाचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय तिनं मासा घेतला नाही. तिनं स्कर्ट उलटा केला आणि पहिल्या शिवणीवर अंगठा ठेवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. आत कापडाची जाड पट्टी लागत होती. तिनं ती बोटांत धरून उजेडाकडे नेली. जुन्या शिवणीची टोचलेली भोकं अजून दिसत होती.

"एवढी माया आत कशी गेली गो?"

मी तोंडातली एक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचली. दुसरी काढली.

"तू बोलू नको," ती म्हणाली. "मना कळतं. रोज तिच्या ताटात वाढते. ती म्हनते, पुरे मम्मी, तिकडची सवय. मी म्हटलं, फॅशन असंल. सदरा बघ कसला घालते, धाग्यागत झालेली पोर आईला दिसू नये म्हनून." तिचा आवाज फुटला आणि ती पलंगावर बसली. मीही तिच्याशेजारी बसले. शेवटी तिनं विचारलं, "माया कापलीस?"

"नाही."

"कापू नको. हाय तशी ठेव. माझ्या घरात भरेल ती."

आणि ती स्कर्ट छातीशी धरून जिना उतरली. टोपली माझ्या दारातच राहिली. तिला टोपलीशिवाय चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हंसाबेननी दार उघडलं, टोपली पाहिली आणि हळूच दार लावून घेतलं.

संध्याकाळी लविना रागानं लाल होऊन आली, टोपली न्यायच्या निमित्तानं. "तुम्ही सांगितलंत ना मम्मीला?"

"मी नाही. शिवणीनं सांगितलं."

"शिवणी बोलतात का?"

"तुझ्या आईशी बोलतात," मी म्हटलं. तिनं टोपली उचलली आणि गेली. पुढे कितीतरी महिने ती माझ्याशी बोलली नाही. घरात मोठं भांडण झालं असं कळलं. लविनाचा मोठा भाऊ म्हणे अर्धवट राहणाऱ्या स्लॅबवरून चिडला होता. रोझीबायनं त्याला सांगितलं, वरचा मजला माझ्या मेल्यावर बांध, खालच्या मजल्यात आम्ही सगळे मावतो. लविना परत गेली नाही. मिरा रोडच्या एका छोट्या हॉस्पिटलात तिनं नोकरी धरली आणि डबा घेऊन जाऊ लागली. उत्तनला त्यांच्या घराच्या डोक्यावर लोखंडी गज तसेच उघडे, गंजत उभे राहिले. ते बघून रोझीबायला कधी वाईट वाटलं असेलही. मला तिनं ते कधी दाखवलं नाही.

त्यानंतरच्या नाताळाच्या आधी लविना माझ्या दारात उभी राहिली. हातात ती पिशवी, चेहरा फुगलेला, अर्धा रागानं आणि अर्धा खरोखर.

"मम्मीची जिद्द आहे, नाताळच्या मिसाला चर्चमध्ये हाच घालायचा. उत्तनच्या डिसेंबरात लोकर! लोक हसतील."

"मग नको घालू."

"घालणारच आहे." ती खाली बघत होती. "पण बसत नाही, आंटी. हूक लागत नाही."

   मी ब्लेड काढलं, खिडकीपाशी बसले आणि पहिली शिवण उसवली. माझे डोळे तेव्हाच अधू व्हायला लागले होते, पण त्या दिवशी एकही टाका चुकला नाही. आतून बोटभर कापड बाहेर आलं. बाहेरचा राखाडी रंग परदेशात पार विटून गेला होता. आतला मात्र तसाच होता, निळसर, शेठाणीनं दिला तसा. सहाही कळ्यांच्या कडेनं ती निळी पट्टी उठून दिसणार होती. झाकायचा काही उपाय नव्हता. मी लविनाला तसं सांगितलं.

"दिसू दे," ती म्हणाली.

नवी शिवण घातली. ओलं फडकं पसरलं आणि वर कडकडीत इस्त्री ठेवली. वाफ उठली. लविना टेबलाशी वाकली, डोळे मिटून तिनं एक लांब श्वास घेतला आणि हसायला लागली. समोर हंसाबेनचं दार धाडकन लागलं.